एकवीस वॅटचा बल्ब

"मिस्त्री, ही परत मेली. ह्या वेळी पार्ट बदलायचा नाही. कारण सांगायचं."

कौसल्यावहिनींनी गाडी माझ्या दुकानासमोर स्टँडवर घेतली आणि दोन्ही तळहात कोटाला पुसले. पांगरी गावातून फाट्यापर्यंत दीड किलोमीटर, त्यातला निम्मा चढ. तेवढी वाट त्या मोटारसायकल ढकलत आल्या होत्या. पंजाबी ड्रेस, वर नर्सचा पांढरा कोट, चपलेत मुरूम. टाकीवर पट्ट्यानं आवळलेला लशीचा निळा डबा. त्यांनी आधी तो डबा सोडला, दुकानाच्या सावलीत नेऊन ठेवला आणि मग कपाळावरचा घाम पुसला.

बाकड्यावर हणमंत बसला होता. त्यांचा नवरा, माझा दोस्त. त्यानं पेपरचं पान उलटलं.

"लिंबा, बाईमाणसाच्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हातात कोलीत," तो म्हणाला. "रात्री चावी काढायची राहिली असेल."

"चावी माझ्या पर्समध्ये असते," वहिनी म्हणाल्या. "आणि माकड बाकड्यावर बसलेलं असतं. गाडी ढकलत नाही."

मी हसलो. हणमंतही हसला, पण पेपरच्या आड.

महिन्यात ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मी बॅटरी चार्ज करून दिली. दुसऱ्यांदा आली तेव्हा सरळ नवीन बॅटरी टाकली, आणि कशाला टाकली असं कोणी विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शिकाऊ माणूस पार्ट बदलतो, मिस्त्री कारण शोधतो, हे मीच चार जणांना ऐकवायचो. आता नवी बॅटरीसुद्धा मेली होती. मीटरचे चिमटे लावले. पावणेनऊ व्होल्ट. साडेबाराच्या वर पाहिजेत. स्टार्टर दाबला तर नुसतं टिक्‌.

त्या मॉडेलला किक नव्हती. ठिणगीसुद्धा बॅटरीवरच. बॅटरी पार उतरली की उतारावरून ढकला नाहीतर देवाला नारळ फोडा, ती चालू होत नाही.

"किती वाजेपर्यंत होईल?" वहिनींनी विचारलं.

"चार्जिंगला चार-पाच तास. तेवढ्यात बाकीचं तपासतो."

"मी अंबाडीला जाते मग. साहेबांना तोंड दाखवते. मागच्या दोन वेळांचा मेमो दिलाय त्यांनी. 'गाडी बंद होती' ही सबब चालणार नाही म्हणतात." त्यांनी डबा खांद्याला अडकवला. "मिस्त्री, माझ्याकडं सात वाड्या-तांडे आहेत. सातही डोंगरात. मला कारण पाहिजे."

अंबाडीची जीप आली. त्या मागच्या फळीवर उभ्या राहून गेल्या.

हणमंतबद्दल सांगायला हवं. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, पण तो मास्तर नव्हता. डी.एड. करून नऊ वर्षं झाली होती. भरती निघायची, अडकायची, रद्द व्हायची. तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा आणि माझ्या बाकड्यावर येऊन बसायचा. मी चौथीत शाळा सोडलेला. वायरिंगचे नकाशे समजायचे, पण त्याखाली काय लिहिलंय ते कळायचं नाही. ह्याच बाकड्यावर हणमंतनं मला वाचायला शिकवलं, लिहायला शिकवलं. रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर तो काना-मात्रा काढून दाखवायचा. बदल्यात मी त्याला करंट शिकवला. आज हे लिहितोय ते त्याच्याच अक्षरांत.

गाडी वहिनींनी स्वतःच्या पगारातून घेतली. पहिले सहा महिने हणमंत चालवायचा, त्या मागं बसायच्या. मग त्या शिकल्या. एक दिवस फाट्यावर लोकांनी पाहिलं, वहिनी पुढं आणि हणमंत मागं. लोक जे बोलायचे ते बोलले. मीही बोललो. भर चौकात ओरडलो, "मास्तर, घट्ट धर! डायव्हर नवीन आहे!" हॉटेलवाला हसता हसता खोकला. त्या दिवसानंतर हणमंत त्या गाडीवर बसलेला मला आठवत नाही.

असो. त्यांची बॅटरी चार्जिंगला लावली आणि दुकानातली भरलेली बॅटरी गाडीत टाकली. सेल मारला, एका झटक्यात चालू. रिकामी फिरताना साडेतेरा व्होल्ट. रेस दिली, सव्वाचौदा. हेडलाईट लावून बघितला, हॉर्न दाबून धरला, काटा जागचा हलला नाही. म्हणजे गाडी बॅटरीला पोटभर देत होती. गाडी बंद केली, चावी काढली, मीटर बॅटरी आणि वायरच्या मध्ये जोडला आणि बघितलं कुठून गळती आहे का. नाही. टिपूसभर नाही.

"लॅम्पनं बघ ना," हणमंत म्हणाला. "तू मला शिकवलं होतंस ना, बल्ब पेटला तर समजायचं करंट गळतोय."

"लॅम्प सापडेना रे. मागच्या वेळेपासून."

टेस्ट लॅम्प मी स्वतः बनवला होता. तुटक्या पेचकसाची लाल मूठ, त्यात होल्डर, होल्डरात ब्रेकलाईटचा एकवीस वॅटचा बल्ब, दोन हात वायर आणि टोकाला दातेरी चिमटे. बारा वर्षं मी त्याच्यावर काम केलं. फाट्यावरच्या पोरासोरांनाही तो लॅम्प माहीत. दुसऱ्या वेळी वहिनी गाडी घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघांनी तो शोधला होता. त्यांनी बाकड्याखाली वाकून टॉर्च धरली होती.

"बॅटरी आपोआप बसत नाही," मी म्हणालो. "कोणीतरी दूध पितंय आणि मांजर काय दिसत नाही."

हणमंतनं पेपर पुन्हा उघडला.

बाराच्या सुमाराला दुकानाची बॅटरी काढायला मी पुन्हा वाकलो. साइड कव्हर रुपयाच्या नाण्यानं उघडायचं, ते काढून मी आतापर्यंत दर वेळी पालथं ठेवत होतो. त्या दिवशी उताणं पडलं. ऊन थेट आतल्या बाजूला आलं.

आत एक डाग होता. रुपयाएवढा, गोल. काळं प्लास्टिक वितळून फोड आल्यासारखं फुगलेलं, कडेनं तपकिरी. कसल्यातरी गरम, गोल वस्तूनं तिथं तासन्‌तास टेकून बसावं तसं. मी बोट फिरवलं. मग बॅटरीच्या बोल्टाकडं बघितलं. त्यावर बारीक दातांचे ओरखडे. ते दात माझ्या ओळखीचे होते.

मी मान वर केली. हणमंतनं पेपर खाली ठेवला होता.

"काय दिसलं?" त्यानं विचारलं.

"लॅम्प कुठंय, मास्तर?"

"कसला?"

"हणमंता."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"मजाक होती रे," तो म्हणाला. "रात्री लावायचा, पहाटे काढायचा. पहिल्या वेळी तर सकाळी तुझ्या दुकानात परतही ठेवला होता. एखादा दिवस घरी बसली तर काय आभाळ कोसळतं? आई रोज डोकं खाते माझं. सून गाडीवर भटकते आणि लेक बाकड्यावर बसतो म्हणते. चांगली चार बायकांत म्हणते."

"तिला मेमो मिळालाय."

"मेमोनं कोणी मरत नाही."

"आणि मी नवी बॅटरी टाकली तेव्हा तू समोर बसला होतास. हसत होतास."

"मग काय रडू?" त्याचा आवाज फाटला. "लिंबा, नऊ वर्षं. नऊ वर्षं मी तिच्या पगाराचं मीठ खातो. बाजारात पिशवी मी धरतो, पैसे ती काढते. तूच ओरडला होतास ना, डायव्हर नवीन आहे म्हणून?"

मी कव्हर उचलून पालथं केलं.

"परत करणार नाहीस," मी म्हणालो. "लेकीची शपथ घे."

त्यानं घेतली. पटकन घेतली.

"आणि लॅम्प आणून दे."

"उद्या आणतो."

चार वाजता वहिनी आल्या. मी त्यांची भरलेली बॅटरी बसवली होती, कव्हर लावलं होतं, वरून फडकं मारलं होतं. सेल मारून दाखवला.

"काय निघालं?"

"काही नाही, वहिनी. गाडीत फॉल्ट नाही."

"मग बॅटरी जाते कुठं? भुतं पितात?"

"आता नाही बसणार."

"कशावरून?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. ताप बघायला कोणाच्या कपाळावर हात ठेवावा तसं त्या बघायच्या. "कारण सापडलं नाही आणि परत होणार नाही, हे कसं? मिस्त्री, काही दिसलं असेल तर सांगा. मी रडणारी बाई नाही."

हणमंत बाकड्यावर होता. त्यानं पायावरचा पाय बदलला.

"गाडीत फॉल्ट नाही," मी पुन्हा म्हणालो.

"बरं. मग एवढं करा. तीनदा बॅटरी पूर्ण बसलेली गाडी तुमच्याकडं आली, एवढं कागदावर लिहून द्या. साहेबांना दाखवते. माझ्या बोलण्यावर विश्वास नाही, मिस्त्रीच्या कागदावर ठेवतील."

मी वही घेतली. हणमंत उठून माझ्या खांद्यामागं येऊन उभा राहिला. पुठ्ठ्यावर अक्षरं काढायला शिकवायचा तेव्हा तसाच उभा राहायचा.

"मागचं कशाला उकरायचं?" तो हळूच म्हणाला. "आज काय तपासलंस ते लिही. जे खरं आहे ते."

मी लिहिलं: गाडी तपासली. चार्जिंग बरोबर. बॅटरी बरोबर. गाडीत फॉल्ट नाही. खाली सही केली. एक शब्दही खोटा नव्हता. मीटर आणून कोणीही ताडून बघावं.

वहिनींनी कागद वाचला. मला वाटलं चिडतील. त्यांनी तो घडी न घालता काउंटरवर ठेवला.

"हा मला नको," त्या म्हणाल्या आणि गाडी घेऊन गेल्या.

कागद मी खिळ्याला अडकवला, बाकीच्या पावत्यांत.

लॅम्प हणमंतनं दुसऱ्या दिवशी आणला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी एकदा विचारलं, तो "हो की" म्हणाला. परत विचारलं नाही.

नऊ दिवस गाडी ठणठणीत चालली. रोज सकाळी वहिनी फाट्यावरून जाताना हॉर्न द्यायच्या. मी हात करायचो. मला वाटलं, मिटलं.

दहावा दिवस मंगळवार होता. मंगळवारी अंबाडीचा बाजार. पंचक्रोशीतल्या जीपा तांबडं फुटायच्या आत तिकडं गेलेल्या असतात, फाटा ओस पडतो. आठच्या आधीच हणमंत बाकड्यावर येऊन बसला. नवा शर्ट, केसाला तेल.

"आज पाहुणे आहेत घरी," तो म्हणाला. "धाकट्या बहिणीला बघायला यायलेत. अकराला जायचंय मला."

"वहिनींनी रजा काढली?"

"घरीच आहे ती."

"रजा काढली का?"

"आहे ना घरी!" तो म्हणाला आणि डोळा मारला. "पुरणपोळ्या कोण लाटणार मग, तू?"

मला कळलं. खोटं कशाला सांगू? त्याच क्षणी कळलं. माझ्या हातात एका स्कूटरचा प्लग होता. मी तो घासत राहिलो. मनात म्हटलं, दोन तासांची तर गोष्ट आहे, पाहुणे जातील, मी जाऊन बॅटरी चार्ज करून देईन आणि मग ह्याला धरून हाणेन.

सव्वाआठला माझा फोन वाजला. फोन काउंटरवर होता. पडद्यावर नाव आलं, सिस्टर.

मी बघितलं. हणमंतनं बघितलं.

"उचलू नको," तो म्हणाला. "पोळ्या लाटायचा कंटाळा आलाय तिला. तुला बोलावेल गाडी बघायला."

उचलला असता तर मला पुन्हा तेच सांगावं लागलं असतं, वहिनी, गाडीत फॉल्ट नाही. ते सांगायची लाज वाटली. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. फोन वाजत राहिला, थरथरत काउंटरच्या कडेपर्यंत सरकला आणि थांबला.

परत वाजला नाही.

दुपारी एकच्या सुमाराला बाजारातून परतणारी एक जीप तांड्याच्या रस्त्यानं वळून वर गेली. आमच्याकडं बाजाराची जीप एवढ्या लवकर फिरत नाही. तासाभरानं ती खाली आली. फाट्यावर थांबली. पुढच्या सीटवर घोटीच्या तांड्याचा थावरा राठोड होता. मागं फळीवर बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्या पायात सतरंजीत गुंडाळलेलं होतं ते मी आधी बाजाराचं सामान समजलो. एका म्हातारीच्या पदरात तान्हं पोर होतं. ते रडत होतं.

"काय झालं, थावरा?"

"रुपली गेली, मिस्त्री." तो माझ्याकडं बघत नव्हता, काचेतून समोर बघत होता. "पोर झालं. पोर चांगलं हाये. पण रगत थांबंना. सिस्टरला आठ वाजता फोन लावला. निघाले म्हणाली. आली साडेदहाला, पायी. तोपर्यंत..." त्यानं हात हवेत आडवा फिरवला. "गाडी हाये ना तिला सरकारची? मग पायी काहून आली?"

गाडी सरकारची नव्हती. ते सांगायची ती वेळ नव्हती.

रक्त थांबवायचं इंजेक्शन वहिनींच्या डब्यात होतं. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन जिल्ह्याला गेलेली, जीपा बाजारात, मिस्त्री फोन उचलत नाही. म्हणून ते इंजेक्शन सात किलोमीटर डोंगर चढून पायी गेलं. त्या पोचल्या तेव्हा रुपलीचा हात गरम होता, असं म्हातारी म्हणाली. थावराची बायको, चोवीस वर्षांची होती.

मी दुकान उघडं टाकून पांगरीला गेलो. हणमंत अकरालाच घरी गेला होता. घरासमोर चपलांचा ढीग होता, आतून पाहुण्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, पुरणाचा वास रस्त्यापर्यंत. अजून इथं कोणाला काही कळलं नव्हतं. गाडी गोठ्याच्या कडेला उभी होती. मी नाणं काढलं, कव्हर उघडलं.

लॅम्प आत होता. लाल मूठ, दोन्ही चिमटे बोल्टांना घट्ट चावलेले. पहाटे काढायला तो विसरला होता, किंवा काढावासा वाटला नव्हता. बल्ब विझलेला. मी हातात घेतला. थंडगार.

मी चिमटे काढले आणि लॅम्प शर्टाच्या आत घातला. कोणाला वाटेल मी दोस्ताला वाचवलं. नाही. लॅम्प माझा होता. पोरासोरांनाही माहीत होता.

चौकशी लागली. पंधरा दिवसांनी एक साहेब फाइल घेऊन फाट्यावर उतरले. चहा नको म्हणाले, बाकड्यावर बसले. बाकडं त्या दिवशी रिकामं होतं.

"त्या बाईंची गाडी तुम्ही तपासली होती?"

"हो."

"कधी?"

मी खिळ्यावरून कागद काढून दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"अक्षर छान आहे," ते म्हणाले. "म्हणजे दहा दिवस आधी गाडी चालू स्थितीत होती."

"गाडीत फॉल्ट नव्हता."

"त्या म्हणतात गाडी वारंवार बंद पडायची. काय कारण असेल?"

"बॅटरी..." मी म्हणालो.

"बॅटरी काय? खराब होती?"

"नाही. नवी होती."

"मग?"

मग. समोर रस्ता, पलीकडं हॉटेल, हॉटेलच्या सावलीत हणमंत उभा, हातात कप. लॅम्प माझ्या गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात, साहेबांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी कागद फाइलीला जोडला. वहिनी निलंबित झाल्या. तांड्यावरच्या बायकांनी उपकेंद्राच्या दाराला शेण फासलं. सासूनं सांगितलं, पाहुण्यांनी ह्याच कारणावरून पोरगी नाकारली.

महिन्याभरानं, टळटळीत दुपारी, वहिनी फाट्यावर आल्या. चालत. एक पेटी, एक पिशवी आणि लेक. लेकीला त्यांनी थांब्यावर पेटीवर बसवलं आणि एकट्याच दुकानात आल्या. कोट नव्हता. कोटाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"मिस्त्री, तुमचा लॅम्प सापडला का?"

मी पाना खाली ठेवला.

"पहिल्यांदा गाडी आणली तेव्हा तुम्ही त्यानं तपासलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी सापडत नव्हता, मी टॉर्च धरली. तिसऱ्या वेळी तुम्ही सरळ मीटर लावला, लॅम्पचं नावही काढलं नाही. काल गाडी विकायला काढली म्हणून मी कव्हर पुसायला घेतलं. आतून पुसलं." त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. रुपयाएवढा. "काढा."

मी कप्पा ओढला.

"लावा."

"वहिनी..."

"लावा म्हणते ना."

बाजूला एका गिऱ्हाइकाची भरलेली बॅटरी होती. मी एक चिमटा लावला, दुसरा लावला. बल्ब पेटला. भर उन्हात त्याचा उजेड दिसतही नव्हता, नुसती तार पिवळी झालेली दिसत होती. त्या खाली वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग बल्बवर हात धरला. गरम लागला तसा मागं घेतला.

"एवढाच," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तुम्ही बोलू नका. मी सांगते. डोंगर चढताना मी काय विचार करत होते माहितेय? चावी काढायची राहिली का, पार्किंग लाईट चालू राहिला का, माझं काय चुकलं. दोन तास तेच. तिच्या उशाशी बसले तेव्हाही तेच. महिनाभर तेच." त्या सरळ उभ्या राहिल्या. "तुम्ही त्या दिवशी मला नुसतं सांगितलं असतं ना, मिस्त्री, तर मी काय केलं असतं? भांडले नसते. पोलिसात गेले नसते. रोज रात्री दोन बोल्ट खोलले असते आणि बॅटरी उशाशी घेऊन झोपले असते. एवढंच. कोणाची अब्रू गेली नसती."

दहा नंबरचा पाना. दोन बोल्ट. दोन मिनिटांचं काम. कारण सापडल्यावर ते मला सुचलं नव्हतं. मी शपथ घ्यायला लावली.

"मी साहेबांना सांगतो," मी म्हणालो. "आत्ता जातो. कागद बदलून देतो."

"कधी?" त्या म्हणाल्या. "एस.टी. आली."

त्या गेल्या. लेकीला वर चढवलं, पेटी दिली, मागं वळून बघितलं नाही. मी बल्ब काढला नाही. स्टुलावर बसून तो किती वेळात बॅटरी पितो ते बघत राहिलो. सावल्या लांब होईपर्यंत तो तसाच होता. मग पिवळा झाला, मग लाल, मग तारेचा नुसता भास राहिला. कोणत्या क्षणी विझला ते सांगता येत नाही. मी डोळे न हलवता बघत होतो तरी.

साहेबांकडं मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी जाणार होतो. दुसऱ्या दिवशी काम होतं.

चौदा वर्षं झाली. हणमंतला पुढं नोकरी लागली. तो आता खरा मास्तर आहे, पोरांना विज्ञान शिकवतो. फाट्यावरून जाताना हात करतो. मीही करतो. वहिनी कुठं आहेत ते मला माहीत नाही. कोणी म्हणतं पुण्याकडं खाजगी दवाखान्यात. तांड्यावरचं ते पोर आता बापाच्या गाडीवर मागं बसून माझ्याकडं येतं. थावराची बॅटरी हिवाळ्यात बसते. मी तपासतो, आणि कव्हर काढलं की आधी त्याची आतली बाजू बघतो. प्रत्येक गाडीची बघतो. दुपारी दुकानात एकटा असलो आणि फोन वाजला की तो काउंटरच्या कडेपर्यंत सरकेल असं वाटतं, आणि मी तो पहिल्या रिंगला उचलतो.

कागद आता देतोय. ह्यातल्या वेलांट्या तपासायला खांद्यामागं कोणी नाही.

पांगरी फाटा. कौसल्या सिस्टर यांची गाडी माझ्या दुकानात तीन वेळा आली. तिन्ही वेळा बॅटरी मुद्दाम उतरवलेली होती. उतरवणारा त्यांचा नवरा हणमंत. तिसऱ्या वेळी मला कारण सापडलं, ते मी सांगितलं नाही. चौथ्या वेळी त्यांनी फोन केला, तो मी उचलला नाही. लॅम्प माझा होता आणि पुरावा मीच काढून नेला. चार्जिंग बरोबर होतं. बॅटरी बरोबर होती. सिस्टर वेळेवर निघाल्या होत्या.

गाडीत फॉल्ट नव्हता.

सही, लिंबाजी मिस्त्री.